टाइमशेअरचे सभासदत्व : सही करण्यापूर्वीचा हिशेब



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. आजचा विषय उसाचा नाही, पण उसाच्या पैशाचा जरूर आहे. बिलाचा पैसा हाती येतो त्याच सुमारास नाना तऱ्हेच्या योजनावाले आपल्याकडे येतात. त्यांतली एक योजना नीट समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

गेल्या गाळप हंगामाच्या अखेरीस आपले एक सभासद शेतकी कार्यालयात आले आणि दोन वर्षांच्या ऊस बिलाचा उतारा मागू लागले. कशासाठी म्हणून विचारले, तर त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढली. छत्रपती संभाजीनगरला कपड्याच्या दुकानात त्यांनी एक कूपन भरले होते. पुढे फोन आला की बक्षीस लागले आहे, जोडीने या. एका मोठ्या हॉटेलात तीन तास बसवून, चहा-नाश्ता देऊन, त्यांना सुट्टीतल्या घराचे सभासद करून घेतले. किंमत ३,५०,००० रुपये, मुदत २५ वर्षे, दरवर्षी सात रात्री. ४०,००० रुपये त्यांनी तिथल्या तिथे कार्डावर भरले होते. बाकीचे हप्त्याने द्यायचे, आणि त्या कर्जासाठी उत्पन्नाचा पुरावा म्हणून आपला उतारा हवा होता.

"एवढी घाई कशाला केली, भाऊ?" आम्ही विचारले.

"सायेब, ते म्हणे आज सही केली तरच हा भाव. उद्या पन्नास हजार जास्त. अन् मंडळी बाजूला बसेल होती, पोरं म्हणत होती, बाबा, आपुनही कुठंतरी जाऊ ना. नाही म्हणाले लाज वाटली."

यात हसण्यासारखे काही नाही. अशा दिवाणखान्यात आम्हीही एकदा सौ. ना घेऊन बसून आलो आहोत. शिकलेला माणूसही तिथे गांगरतो. शेजारच्या टेबलावर कुणी सही केली की टाळ्या वाजतात, एक साहेब उठला की दुसरा मोठा साहेब येतो आणि भाव उतरवतो. आम्ही सही न करता उठलो ते शहाणपणाने नव्हे, खिशात कार्ड नव्हते म्हणून. म्हणून ज्यांनी सही केली त्यांना नावे न ठेवता हिशेब कसा करावा ते पाहू.

१. ही योजना आहे तरी काय?

भाऊबंदांची सामाईक विहीर असते. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली असते. टाइमशेअर म्हणजे असेच. एका खोलीचे वर्षाचे ५२ आठवडे अनेकांना वाटून विकायचे. एक आठवडा तुमचा, दुसरा दुसऱ्याचा. युरोपात ही पद्धत १९६० नंतर सुरू झाली. आपला आठवडा दुसऱ्या गावच्या आठवड्याशी बदलून देणारी आर.सी.आय. ही संस्था अमेरिकेत १९७४ साली निघाली. आपल्या देशात स्टर्लिंग कंपनी १९८६ पासून आणि महिंद्राची सुट्टी-कंपनी १९९६ पासून या धंद्यात आहे. म्हणजे धंदा मुळातच खोटा आहे असे नाही. दरवर्षी नेमाने आठ दिवस फिरायला जाणारी कुटुंबे त्याचा लाभ घेतात.

परंतु विहिरीच्या पाळीत आणि या पाळीत मोठा फरक आहे. विहिरीतला तुमचा हिस्सा सात-बाऱ्यावर लागतो, तो मुलाबाळांना वारसाने जातो. आपल्याकडच्या बहुतेक सुट्टी-योजनांत खोली, इमारत किंवा जमीन तुमच्या नावावर होत नाही. तुम्हाला मिळतो तो ठराविक वर्षे वापरण्याचा हक्क. मुदत संपली की हक्क संपला.

२. "सभासद" या शब्दाने फसू नका

आपण कारखान्याचे सभासद आहोत. आपला भाग आहे, भागाचा दाखला आहे, वार्षिक सभेत बसण्याचा हक्क आहे. दहा भाग असोत की एक, मत एकच. ताळेबंद आपल्यापुढे ठेवावा लागतो आणि न पटल्यास उभे राहून विचारता येते. सुट्टी-योजनेतील "सभासद" हा फक्त गिऱ्हाईक असतो. त्याला मत नाही, नफ्यात वाटा नाही, आणि वार्षिक आकार किती वाढवावा हेही त्याला कुणी विचारत नाही. शब्द एकच असला तरी अर्थ दोन आहेत.

३. आता हिशेब

खाली दिलेले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापल्या कागदावरचे आकडे घालून प्रत्येकाने स्वतः करून पाहावे.

हाती २,८०० रुपये टन पडतात असे धरा. ३,५०,००० रुपये म्हणजे १२५ टन ऊस. एकरी ३५ टन धरला तर साडेतीन एकरांहून थोडे जास्तच क्षेत्र, आणि तेही बेणे, खत, मजुरी, वीज यांचा खर्च वजा न करता.

हीच रक्कम बँकेत ७ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला २४,५०० रुपये व्याज येते. ते आपण सोडले. शिवाय या योजनांत वार्षिक देखभाल आकार असतो आणि खोली वापरली नाही तरी तो बहुधा द्यावाच लागतो. तो १५,००० रुपये धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी २,७०० रुपये. एकूण १७,७०० रुपये.

२४,५०० अधिक १७,७०० म्हणजे वर्षाचे ४२,२०० रुपये. सात रात्रींनी भागले तर एका रात्रीला ६,००० रुपयांच्या वर. म्हणजे दरवर्षी पंधरा टन ऊस. जेवण आणि प्रवास वेगळा. एक वर्ष जाणे झाले नाही आणि ती पाळी बुडाली, तर पुढच्या वर्षीची रात्र १२,००० रुपयांना पडली असे समजा. बँकेतली ठेव २५ वर्षांनी जागेवर असते. इथे मुद्दल उरत नाही.

देखभाल आकार दरवर्षी ६ टक्के वाढला तर आजचे १५,००० रुपये पंचविसाव्या वर्षी ६०,००० च्या वर जातात. हप्त्याने घेतल्यास कर्जाचे व्याज आणखी वेगळे.

विकणारा सांगतो, "एकदा लागण करा, पुढे पंचवीस वर्षे खोडवाच खोडवा." पण बंधूंनो, खोडव्यालाही पाचट, खत आणि पाणी लागते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. देखभाल आकार हेच ते खत, फक्त त्याचा भाव दुकानदार दरवर्षी आपल्या मर्जीने ठरवणार.

४. आपल्याला सवड केव्हा?

कंपन्या वर्षाचे हंगाम पाडतात आणि त्यांना रंगांची नावे देतात. उन्हाळ्याची व दिवाळीची सुट्टी महाग, पावसाळा स्वस्त. स्वस्तातले सभासदत्व घेणाऱ्याला शाळेच्या सुट्टीत जागा मिळत नाही. आता आपले वेळापत्रक पाहा. दिवाळीपासून तोडणी, टोळी, वाहन. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू उसाची लागण. मे महिन्यात मुलांना सुट्टी, पण नेमके तेव्हाच सुरू उसाला पाणी आणि पुढे मोठी बांधणी. जुलै-ऑगस्टला आडसाली. घर सोडून सलग सात दिवस बाहेर राहणे आपल्यापैकी किती जणांना जमते, हे घरच्या माणसांनी बसून मोजावे. त्यातही जागेची आगाऊ नोंदणी काही महिने आधी करावी लागते, आणि आपली तोडणीची तारीख आठवडाभर आधी कळली तरी आपण समाधानी असतो.

५. "गेला नाहीत तर पैसे वाढवून देऊ"

हा सर्वांत धोक्याचा भाग आहे. खोली वापरण्याचा हक्क विकणे वेगळे आणि "रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीअंती जास्त रक्कम परत" असे सांगून पैसे गोळा करणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला सेबीने सामूहिक गुंतवणूक योजना ठरवले आहे आणि त्यासाठी सेबीकडे नोंदणी लागते.

मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीचे प्रकरण महाराष्ट्रात गावोगाव माहीत आहे. हॉटेलातल्या रात्री विकण्याच्या नावाखाली तिने सुमारे ५१ लाख लोकांकडून ७,०३५ कोटी रुपये जमा केले. ३१ जुलै २०१४ रोजी सेबीने नवे पैसे घेण्यास मनाई केली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये लोकांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. पैसे परत आले नाहीत, तेव्हा मालमत्ता जप्त करून लिलावास काढाव्या लागल्या. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीनेही सुट्टीच्या योजनांवर अडीच हजार कोटींहून अधिक जमवले होते. तिच्याविरुद्ध सेबीचा आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये झाला. यांत पैसे घालणारे बहुसंख्य लोक फिरायला जाणारे नव्हते. ती ठेव आहे असे समजून त्यांनी पैसे भरले होते, आणि विकणारा एजंट बहुधा नात्यातला, ओळखीचाच होता.

म्हणून कुणी सुट्टीबरोबर परताव्याचीही भाषा केली की तिथेच उठावे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे आणि बेकायदा ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे. पण कायदा पैसे बुडाल्यावर धावतो. आधी धावायचे काम आपलेच.

६. सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

(अ) वार्षिक आकार किती, तो कोण वाढवतो, आणि वाढीला काही मर्यादा लेखी आहे काय?
(आ) माझ्या हंगामात, माझ्या हव्या त्या गावी जागा मिळाली नाही तर काय?
(इ) न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी मिळतात काय? किती वर्षे?
(ई) मध्येच सोडायचे झाल्यास किती रक्कम परत? माझ्या पश्चात वारसांवर काय बोजा?
(उ) सही केल्यापासून किती दिवसांत रद्द करता येते, आणि त्यात कपात किती?

उत्तरे तोंडी घेऊ नयेत. जे कागदावर नाही ते नाही, असेच समजावे. कराराची प्रत घरी आणावी, इंग्रजीत असेल तर जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावी. "आजच सही" असा आग्रह धरणारा आपला वेळ नव्हे, विचार वाचवू पाहतो. भाव खरा असेल तर तो आठ दिवसांनीही खराच राहील.

७. सही झालीच असेल तर

टाइमशेअरसाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू आहे. प्रथम करारातली रद्द करण्याची मुदत पाहावी. अनेक करारांत अशी काही दिवसांची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत पोच मिळेल असे टपालाने पत्र आणि ई-मेल दोन्ही पाठवावे, फोनवर विसंबू नये. दाद मिळाली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते, म्हणून मुंबई-चेन्नईला खेटे घालण्याची गरज नाही, बुलडाण्यातच काम होते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करावी.

आणखी एक. जुने सभासदत्व विकून देतो, आधी फी भरा, असे फोन येतात. एकदा ठेच लागलेल्या माणसाला दुसऱ्यांदा पाडण्याचा तो प्रकार आहे. एक पैसाही देऊ नये.

८. मग फिरायला जाऊच नये काय?

असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वर्षभर चिखलात आणि उन्हात राबणाऱ्या घरच्या लक्ष्मीला चार दिवस विसावा मिळालाच पाहिजे, मुलांनी जग पाहिलेच पाहिजे. पण त्यासाठी पंचवीस वर्षांचा करार लागत नाही. लोणारचे सरोवर आपल्या जिल्ह्यात आहे, अजिंठा व वेरूळ शेजारी, चिखलदरा एका दिवसाच्या वाटेवर. १९७५ साली स्थापन झालेल्या राज्य पर्यटन महामंडळाची निवासस्थाने लागेल तेवढ्या रात्रींसाठी घेता येतात. शेगाव संस्थानची भक्तनिवासे शेगावशिवाय पंढरपूर, त्र्यंबकेश्वर आणि ओंकारेश्वर येथेही आहेत. दर बिलातून हजार-दोन हजार वेगळ्या खात्यात टाकले, तर सवड मिळेल त्या वर्षी मनासारखी सहल होते. सवड मिळाली नाही तर पैसे आपलेच राहतात.

वर सांगितलेले सभासद आमच्याकडे आले तो सहीनंतरचा सहावा दिवस होता. कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात दहा दिवसांची मुदत सापडली. त्याच दुपारी पत्र तयार करून पोस्टात टाकले. दोन महिने पाठपुरावा करावा लागला, थोडी रक्कम कापली गेली, पण बाकीचे पैसे आले. बांधणी आटोपल्यावर जूनमध्ये ते कुटुंबासह ओंकारेश्वरला तीन दिवस जाऊन आले. परत आल्यावर प्रसाद घेऊन कार्यालयात आले आणि म्हणाले, "सायेब, पोरं खूश. अन् डोक्यावर हप्ता नाही."

ते सहाव्या दिवशी आले म्हणून जमले. अकराव्या दिवशी आले असते तर आम्हालाही फारसे काही करता आले नसते. म्हणून विनंती आहे की, पंचवीस हजारांवरच्या कोणत्याही योजनेचा कागद सहीपूर्वी गट कार्यालयात आणून दाखवावा. ऊस पाहायला आम्ही बांधावर येतोच, कागद पाहायलाही आमची ना नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी