सणाच्या दिवशीं पानांत काय वाढावें ?

गणपतीची सुटी संपून शाळा भरली कीं पहिले दोन-तीन दिवस वर्गांतील कांहीं बाकें रिकामीं राहतात. कारण विचारावें तों उत्तर ठरलेलें : पोट बिघडलें. याचा दोष सणाच्या माथीं मारण्यापूर्वीं त्या दिवसांत पानांत काय होतें, हें पाहणें बरें.

तळगडाच्या पायथ्याशीं काय किंवा इतर कोंकणांत काय, सणाचें जुनें पान म्हणजे केवळ गोडधोड नव्हे. गौरी घरीं येतात त्या दिवशीं पुष्कळ घरांत भाजीभाकरीचाच नैवेद्य होतो. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें धान्य वर्ज्य मानून परसांतील अळू, सुरण, भोपळा, पडवळ, मका यांची एकत्र भाजी रांधतात. हिरव्या पानांतील कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतें व तें दृष्टीस हितकर असतें. मात्र कॅरोटीन अंगीं लागण्यास थोडा स्निग्ध पदार्थ हवा. तेव्हां भाजींतलें ओलें खोबरें केवळ रुचीसाठीं नाहीं. अळवांत व सुरणांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशास खाजवितात. म्हणून आमसूल किंवा चिंच घालून भाजी नीट शिजवावी.

आतां मोदक. उकडीचा मोदक वाफेवर होतो, त्यास तळणीचें तेल लागत नाहीं. येथवर तो निर्दोष. परंतु ‘गूळ म्हणजे कांहीं साखर नव्हे’ हा समज आम्हांस घरोघरीं आढळतो व तो चुकीचा आहे. वरून घातलेल्या साखरेपासून, आणि तींत गूळही आला, दिवसाच्या एकंदर कॅलरींपैकीं दहा टक्क्यांहून कमीच मिळाव्या, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें. मोठ्या माणसास २००० कॅलरी धरल्या, तर ही मर्यादा सुमारें ५० ग्रॅम होते. एका मोदकांत दहा ग्रॅम गूळ धरावा आणि विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब स्वतःच करावा. (पैजेनें अकरा मोदक खाणारे वीर आमच्या वर्गांत आहेत !) नाताळांत आमच्याही घरीं करंज्या होतात, तेव्हां हा हिशेब एकाच सणाचा नाहीं.

खरी हानि निराळीच आहे. “पाहुण्यांसमोर नाचणीची भाकरी कशी वाढायची ?” असें एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें. मुंबईचे पाहुणे आले कीं डोंगरउतारावर पिकलेली नाचणी डब्यांत राहते आणि पानांत मैद्याची पुरी येते. वास्तविक शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. पांढऱ्या तांदुळांत तें दहाच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें, त्यांत आपली नाचणीही होती. त्या मुलीच्या आईनें गेल्या वर्षीं गौरी आल्या त्या दिवशीं पाहुण्यांस भाकरी व अळवाचें फदफदें वाढलें. एका वृद्ध पाहुण्यानें दुसरी भाकरी मागून घेतली, असें मुलगी सांगत होती.

येत्या सुटींत प्रत्येकानें घरच्या तीन दिवसांच्या पानांचें टिपण करून आणावें, आणि भाकरी वाढली असेल तर तीही लिहावी.