मॅनिफोल्ड उघडण्याआधी

दौंड, रविवार

चि. भाच्यास,


न्हावऱ्याच्या पुढे तुझी इंजेक्शनवाली मारुती 800 तिसऱ्यांदा बंद पडली आणि वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाली, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. मिस्त्रीचा सल्लाही सांगितला: ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, काढून टाकू, जुना कार्बोरेटर चढवू, कटकटच नको. पुण्याच्या जुन्या बाजारातून मॅनिफोल्डही येतंय म्हणे. मामाची निम्मी हयात कार्बोरेटर खोलण्यात गेली, तेव्हा तो खूश होईल असं तुला वाटलं असणार. मामा नको म्हणतोय.

कार्बोरेटर वाईट म्हणून नव्हे. वस्तू मोठी देखणी. हवा अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल आपोआप ओढलं जातं. ना वायर, ना सेन्सर. खालच्या वाटीत फ्लोट असतो. घरावरच्या टाकीतला बॉलकॉक आठव, काम तेच. पेट्रोल वर आलं की फ्लोट सुईला वर ढकलतो आणि वाट बंद. सगळी अक्कल त्या जेटच्या भोकात. म्हणून मामा पोरांना जेट तारेने टोचू देत नाही, हवेने फुंकायला लावतो. पितळ मऊ, तार दोनदा फिरली की भोक वाढतं, आणि मग गाडी पेट्रोल का पिते याचा शोध महिनाभर चालतो.

मिस्त्री ज्या काळाची आठवण काढतो तो खराच होता. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली ती कार्बोरेटर घेऊन. पुढे 29 एप्रिल 1999 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात युरो-1 आणि 1 एप्रिल 2000 पासून युरो-2 चे प्रदूषणाचे नियम लावले, आणि कंपन्यांना घाईघाईने इंजेक्शनकडे वळावं लागलं. तुझ्याच शिरूर तालुक्यातलं उदाहरण घे. रांजणगावच्या कारखान्यात फियाटची 'फायर' इंजिनं बनली, ती इंजेक्शनवाली. त्याच घराण्याचं पहिलं इंजिन 1985 मध्ये इटलीत निघालं तेव्हा त्यावर कार्बोरेटर होता. म्हणजे एकाच इंजिनाला दोन्ही चालतात, हे मिस्त्रीचं म्हणणं चूक नाही. पण कारखान्याने ते बदलताना पंप, ठिणगी, सायलेन्सरपर्यंत सगळं बदललं. गॅरेजमध्ये फक्त वरचं टोपडं बदलतात.

पंपाचंच बघ. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप साधारण तीन बार दाबाने पेट्रोल पाठवतो. कार्बोरेटरच्या सुईला पाव बारच्या आसपास दाब पुरतो, त्याहून फार जास्त झाला की ती हरते. मामा हे पुस्तकातून शिकलेला नाही. तरुणपणी एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर त्याने असंच रूपांतर केलं, जुना पंप तसाच ठेवून. चावी फिरवली, पंप घुमला आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उसळून गरम मॅनिफोल्डवर पडलं. वास आला म्हणून त्याने झटकन चावी बंद केली. पेट घेतला नाही, हे नशीब. त्यात मामाची हुशारी काही नव्हती. मग कमी दाबाचा पंप, रेग्युलेटर, परतीची नळी असं करत खर्च दुप्पट झाला.

दुसरी गोष्ट मिस्त्री सांगत नाही. ईसीएम नुसतं पेट्रोल मोजत नाही. बहुतेक गाड्यांत ठिणगी कधी पडायची तेही तोच ठरवतो. तो काढलास की वेग आणि भार बघून ठिणगी मागेपुढे करणारी दुसरी सोय करावी लागते. ती नीट जमली नाही तर चढाला इंजिन ठोकतं. मिश्रण जाड राहिलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते.

आता पेट्रोलही पूर्वीचं नाही. आमच्या दौंड तालुक्यात उसाचं राज्य आहे, आणि उसापासूनही बनणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं. निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर धुराचा अंदाज घेतो आणि त्यावरून ईसीएम, त्याच्या मर्यादेत का होईना, पेट्रोल वाढवतो. जेटला हे कळत नाही. भोक 1990 च्या पेट्रोलसाठी पाडलेलं, ते तेवढंच सोडणार. इंजिन पातळ मिश्रणावर तापणार. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर वाटीत गंज धरतो. जुने रबरी भाग फुगतात ते वेगळंच. (इंजेक्शनच्या जुन्या नळ्याही तपासायला हव्यात, त्यात सूट नाही.)

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवर नोंदलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करू नये. पीयूसीला तुझी गाडी तिच्या आरसीप्रमाणे मोजली जाणार: भारत स्टेज-2 ला रिकाम्या रेसवर कार्बन मोनॉक्साइड अर्धा टक्का. कार्बोरेटरच्या जमान्यातल्या चारचाकींना तीन टक्के चालायचे. मिस्त्रीचा स्क्रूड्रायव्हर एवढ्या फरकाला पुरणार नाही.

बंद आवारातल्या शर्यतीसाठी गाडी करायची असती तर गोष्ट वेगळी होती. दोन कार्बोरेटरांचा तो आवाज मामालाही आवडतो. पण तुला रोज कामावर जायचंय.

तुझ्या गाडीचं लक्षण मात्र बोलकं आहे: तापली की बंद, थंड झाली की चालू. इंजिनाची फेरी मोजणारा सेन्सर बहुधा असाच मरतो. थकलेला पंपही असाच वागतो. पुढच्या वेळी बंद पडली की आधी बॉनेट उघडू नकोस. चावी चालू कर आणि दोन गोष्टी बघ. मागच्या सीटखाली पंप दोन सेकंद घुमतो का? मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का? दिवाच लागला नाही तर ईसीएमला वीज किंवा अर्थ मिळत नाही. रिले आणि बॉडीला कसलेली काळी वायर बघ, तिथे गंज असतो. उंदरांनाही विसरू नकोस. दिवा लागतो, पंप घुमतो आणि तरी स्टार्टर मारताना ठिणगी नाही, तर संशय सेन्सरवर. जे दिसेल ते वेळेसकट वहीत लिही.

मामा येत्या शनिवारी चौफुल्यावरून शिरूरला येतोय, मीटर आणि पेट्रोलचा दाब मोजायचं गेज घेऊन. तोवर मिस्त्रीला आगाऊ पैसे देऊ नकोस, आणि ते मॅनिफोल्ड घेतलंच असशील तर पिशवीतून बाहेर काढू नकोस. परत करता येईल.

आईला नमस्कार.

तुझा मामा