सांडणीचं दूध: आधी पिल्लाचं पोट

थंडी पडू लागली की कच्छ आणि बिकानेर-जैसलमेरकडच्या उंटपाळांचे दोन हंगाम एकदम सुरू होतात. नर माजावर येतात आणि गेल्या हिवाळ्यात भरलेल्या सांडण्या विऊ लागतात. गाभणकाळ जवळपास तेरा महिन्यांचा, वेत साधारण दोन वर्षांतून एक. म्हणून या दिवसांत दगावलेलं पिल्लू फार महागात पडतं.

माजावरचा नर लपत नाही. मानेमागच्या ग्रंथींतून काळसर, उग्र वासाचा स्राव गळतो, तोंडाला फेस येतो आणि घशातला लालसर गुल्ला फुग्यासारखा बाहेर लोंबतो. चरणं तो जवळजवळ सोडतो, म्हणून गवारीचा पाला, मटकीचं भूस आणि मीठ हा खुराक आधीपासूनच वाढवा. दोन माजलेले नर शेजारी बांधू नका. त्यांच्या चाव्याने हाड मोडतं. नर निवडताना उंचीआधी त्याच्या आईचं दूध विचारा. सांडणीचं बीज मात्र नराशी संयोग झाल्यावरच सुटतं, त्यामुळे गाईसारखे दिवस मोजत बसू नका.

पिल्लू पडलं की नाळेला आयोडीन लावा आणि पहिल्या दोन-तीन तासांतच चीक पाजा. चीक बाधतो म्हणून तो पिळून टाकायची रीत काही ठिकाणी अजून आहे. ती सोडा. पिल्लाला रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते.

पिल्लाने तोंड लावल्याशिवाय सांडणी सहसा पान्हा सोडत नाही. जुने उंटपाळ चारपैकी दोन सड पिल्लाला ठेवतात, दोन पिळतात. दिवसाला चार ते सहा लिटर दूध आणि वेत वर्षभराच्या पुढे. कच्छच्या सरहद डेअरीमार्फत अमूलने 2019 साली हे दूध बाजारात आणलं, तेव्हापासून तिथे गिऱ्हाईक आहे. पण भावाच्या मोहाने चारही सड पिळले, तर पिल्लू खंगतं आणि ते मेलं की बहुधा पान्हाही आटतो.

पावसाळ्यात चावऱ्या माश्यांनी पसरवलेला सर्रा आता डोकं वर काढतो. ताप येतो-जातो, जनावर वाळतं, सांडणी गाभडते. संशय येताच रक्त तपासून घ्या. खरजेचं जनावर वेगळं बांधा.

विदर्भ-खानदेशात मेंढ्यांमागे उंट घेऊन फिरणारे रबारी पाहून आपल्याकडेही कुणाला जोडधंदा सुचतो. माझं मत स्पष्ट आहे: चिकण काळ्या रानात, भर पावसाळ्यात हा धंदा जमायचा नाही. देशातले उंट 2012 मधल्या चार लाखांवरून 2019 मध्ये अडीच लाखांवर आले आहेत. शिवाय राजस्थानच्या 2015 च्या कायद्यामुळे तिथला उंट परवानगीशिवाय राज्याबाहेर नेता येत नाही.