‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ : समाजमाध्यमांवरील मराठी आत्मनिवेदन

समाजमाध्यमांवर माणसे स्वतःला कशी मांडतात, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा नीतीच्या अंगाने होते. फेसबुकवर दिसणारा माणूस खरा की खोटा, घरातील दुःख झाकून तो प्रवासाची छायाचित्रे तेवढी दाखवितो काय, असे प्रश्न विचारले जातात, आणि विचारणाऱ्याला त्यांची उत्तरे आधीच ठाऊक असतात. मराठी आत्मचरित्राच्या समीक्षेतही ‘प्रांजळपणा’ हा निकष दीर्घकाळ असाच वापरला गेला. प्रस्तुत लेखात ही वाट सोडून काहीशी व्याकरणाची वाट धरावयाची आहे. मराठीत लिहिणारा माणूस स्वतःविषयी काय सांगतो, ह्याइतकेच मराठी भाषा त्याला काय सांगावयास भाग पाडते, हेही पाहावयास हवे.

प्रारंभ पत्रापासून करू. जुन्या मराठी पत्राला मायना असे. ‘तीर्थरूप’ लिहिताच लिहिणारा धाकटा ठरे, ‘चिरंजीव’ लिहिताच वडील ठरे. ‘शिरसाष्टांग नमस्कार’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ ह्यांत अदलाबदल संभवत नसे. पत्रातील ‘मी’ कोणता, हे पहिल्या ओळीतच निश्चित होई, कारण तो कोणाशी बोलतो आहे हे निश्चित झालेले असे. मुलगा, जावई, शिष्य, सावकाराचा ऋणको अशा नात्यांतून एकच माणूस वेगवेगळा ‘मी’ होऊन लिहीत असे, आणि त्यात कोणाला दांभिकपणा दिसत नसे.

समाजमाध्यमावरील मजकुराला मायना नसतो. अर्व्हिंग गॉफमन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नित्य जीवनातील आत्मसादरीकरणाला रंगभूमीचे रूपक लावले होते. प्रेक्षकवर्ग वेगवेगळे ठेवता येणे, हे त्या रंगभूमीचे एक गृहीत होते. ट्विटर (२०२३ पासून ‘एक्स’) वापरणाऱ्यांचा अभ्यास करून ॲलिस मार्विक आणि डॅना बॉइड ह्यांनी २०१० च्या सुमारास दाखविले की, हे गृहीतच येथे मोडते. निरनिराळे प्रेक्षकवर्ग एकाच वेळी समोर येतात, आणि लिहिणारा मनाशी कल्पिलेल्या एका श्रोत्यासाठी लिहीत राहतो. हे विवेचन इंग्रजी माध्यमातील आहे. इंग्रजीत काका, मालक, गुरुजी आणि शाळासोबती ह्या चौघांनाही एकच सर्वनाम पुरते. मराठीत तसे नाही. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि आदरार्थी ‘आपण’ ह्यांतून निवड केल्यावाचून वाक्य पुढे सरकत नाही, आणि सर्वच श्रोते एकत्र बसलेले असताना कोणतीही निवड कोणाच्या तरी बाबतीत चुकीची ठरते. म्हणून ‘मित्रहो’, ‘मंडळी’ अशी सभेतील संबोधने फेसबुकवर पुन्हा रूढ झालेली दिसतात. खाजगी दुःखाचे निवेदनही ‘मंडळी’ ह्या शब्दाने सुरू झाले की त्याला व्याख्यानाचा सूर लागतो. हा सूर लिहिणाऱ्याच्या स्वभावाचा असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट लिंगाची. मराठीत प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापद लिंग उघड करते. ‘मी जातो’ की ‘मी जाते’, ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, हे सांगावेच लागते. बंगाली किंवा तमिळ लेखकावर ही सक्ती नाही. टोपण नावाने लिहिणाऱ्या व्यक्तीला हे फार अडचणीचे होते. तथापि भाषेतच काही आडवाटा आहेत. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो, म्हणून ‘मी लिहिले’ ह्यावरून काही कळत नाही. ‘मला वाटते’, ‘मला आवडले’ ह्या रचनाही मूक आहेत. ‘मी जाईन’ हा भविष्यकाळ, ‘मी जात आहे’ ही अपूर्ण क्रिया आणि ‘मी जात नाही’ हा नकार ह्यांतूनही लिंग उमटत नाही. एखाद्या अनामिक मराठी खात्यावरील मजकुरात ‘मला वाटते’ची अतोनात पुनरुक्ती आढळली, तर तो शैलीचा दोष म्हणून सोडून देण्यापूर्वी अभ्यासकाने थांबावे. ती एखाद्या स्त्रीने संरक्षणासाठी घेतलेली आडही असू शकेल. कोल्हापूरकडील बोलीत मुलीही ‘मी जातो’ म्हणतात, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. अशा मुलीने फेसबुकवर ‘जातो’ लिहिले तर अनोळखी वाचक तिला मुलगा समजेल, आणि ‘जाते’ लिहिले तर घरची माणसे तिला शहरी झाली म्हणतील.

लिंग बदलून बोलणे मराठी साहित्याला नवे नाही. ज्ञानदेवांच्या विराण्यांतील ‘मी’ विरहिणी स्त्री आहे. परंतु त्या पदांच्या अखेरीस ‘बापरखुमादेवीवरु’ ही मुद्रा येते, आणि श्रोत्याला बोलणारा कोण हे त्या मुद्रेने कळते. मुद्रेमुळे सोंग हे सोंग राहते, फसवणूक होत नाही. जनाबाई स्वतःला ‘नामयाची’ म्हणविते. तिची मुद्रा नाव आणि नाते दोन्ही सांगून जाते. आजच्या खात्याचे नाव बाह्यतः मुद्रेसारखेच दिसते, पण ते रचनेच्या आत गुंफलेले नसते. मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केला की नाव गळून पडते, किंवा त्याला दुसरेच कोणाचे तरी चिकटते. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे ह्यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेले किती मजकूर फिरत असतात, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. नामदेवांच्या गाथेतही विष्णुदास नाम्याची आणि इतर नामधारकांची पदे मिसळली गेली आहेत, असा दाखला ह्यावर कोणी देईल. पण तेथे मोठ्या नावात विलीन होण्याची परंपरेला मान्य अशी रीत होती. येथे विलीन होणाऱ्यालाच आपण विलीन झाल्याचे ठाऊक नसते.

आता ‘आम्ही’ आणि ‘आपण’. माझ्या मते ह्या विषयाचा गाभा येथेच आहे. श्रोत्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि श्रोत्याला सामावून घेणारा ‘आपण’ हा भेद मराठीत काटेकोर आहे. द्राविडी भाषांच्या सान्निध्याशी त्याचा संबंध अनेक भाषाशास्त्रज्ञ जोडतात, गुजरातीतही तो आहे, हिंदीत नाही. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविताना हिंदीभाषक विद्यार्थी चुकतो तो नेमका येथे. ‘आम्ही जेवायला जाऊ’ असे तो आपल्याला म्हणतो, आणि आपण उगाच ताटकळत राहतो.

त्यातही ‘आपण’ बहुरूपी आहे. तो समावेशक प्रथमपुरुष आहे, आदरार्थी द्वितीयपुरुष आहे, आणि मुंबईच्या बोलीत तो ऐटबाज ‘मी’सुद्धा आहे. ‘आपण करतो’ आणि ‘आपण करता’ हा फरक क्रियापदाने टिकतो. पण ‘आपण काय केले?’ असे विचारले की तो पुसट होतो. प्रश्न ‘तुम्ही काय केलेत’ असा आहे की ‘आपण सर्वांनी काय केले’ असा, हे केवळ स्वरावरून कळते, आणि लिखित मजकुराला स्वर नाही. समाजमाध्यमावरील कितीतरी भांडणे विचारांच्या विरोधातून पेटतात असे म्हटले जाते. काही तरी ह्या एका शब्दातून पेटत असावीत.

समावेशक ‘आपण’ची एक सक्तीही आहे. ‘आपली भाषा’, ‘आपले सण’, ‘आपली माणसे’ असे कोणी लिहितो तेव्हा वाचणारा विचारणा न होताच आत ओढला जातो. जो त्या वर्तुळात बसत नाही, त्याला गप्प राहावे लागते किंवा ‘मी तुमच्यातला नाही’ असे सर्वांसमक्ष जाहीर करावे लागते. पत्रात हा प्रसंग येत नसे.

उलट दलित आत्मकथनांतील ‘आम्ही’ पाहावा. १९७८ साली ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा पांढरपेशा वाचक त्या ‘आम्ही’च्या बाहेर होता आणि बाहेरूनच ऐकत होता. दया पवारांनी त्या पुस्तकाची मांडणी अशी केली आहे की दगडू मारुती पवार आपली हकीकत सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघेही एकच, पण खेड्यातल्या नावाचा आणि छापील नावाचा असे ते दोन आहेत. श्रोता पुस्तकाच्या आतच बसविलेला असल्यामुळे सांगणाऱ्याला अनोळखी वाचकाचे तोंड पाहून शब्द बदलावा लागला नाही. समाजमाध्यमावर असा अंतर्गत श्रोता निर्माण करणारे लेखन मला फार थोडे आढळले. तेथे श्रोता मोजला जातो. फेसबुकवर २००९ मध्ये लाइकची सोय आल्यापासून तर तो आकड्यातच दिसतो.

लाइक हीही एक उक्तीच आहे, मात्र तिला वाक्य नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले आणि दुसरीने ते लाइक केले. अटक दोघींनाही झाली. मजकूर इंग्रजीत होता, तेव्हा वर सांगितलेला सर्वनामांचा प्रश्न तेथे नव्हता. पण मनाशी कल्पिलेला श्रोता एक आणि प्रत्यक्ष वाचणारा दुसरा, हे अंतर किती महागात पडू शकते ते ह्या प्रकरणाने दाखविले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरविले. त्या न्यायालयीन लढ्याला ह्याच घटनेतून चालना मिळाली होती.

असे मजकूर आता प्रबंधांत पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागले आहेत, आणि ते बहुधा इंग्रजी किंवा हिंदी भाषांतरातून येतात. ‘आम्ही हे बोलायला हवे’ आणि ‘आपण हे बोलायला हवे’ ही दोन वाक्ये भिन्न माणसांची, भिन्न धैर्याची आहेत. हिंदीत दोहोंचे ‘हमें यह बोलना चाहिए’ होते. लिंग लपविण्यासाठी योजलेला ‘मला वाटते’ इंग्रजीत निव्वळ मतप्रदर्शन होऊन बसतो. निदान विद्यापीठीय लेखनात मूळ मराठी वाक्य देवनागरीत शेजारी द्यावे, आणि ते कोणत्या ठिकाणी, कोणत्या ग्रुपवर, कोणासमोर लिहिले होते हे व्यक्तीची ओळख उघड न करता नोंदवावे. मायना लिहिणाऱ्याने दिलेला नसतो; तो अशा नोंदीतून अभ्यासकालाच भरून काढावा लागतो.