दिवसभर राबते, मग हाच स्नायू कमजोर कसा?

प्रश्न : माझं वय ४७. तीन बाळंतपणं झाली, तिन्ही नॉर्मल. दोन वर्षांपासून खोकलं, शिंकलं की लघवी निसटते. पाण्याचा हंडा उचलतानाही तेच. डॉक्टर बाईंनी तपासलं आणि गोळ्या न देता फिजिओथेरपीला जायला सांगितलं. तिथं तर गुडघे आणि कंबर शेकतात ना? आणि व्यायामच करायचा, तर पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत माझं दुसरं काय चाललेलं असतं?
— एक वाचक, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन शंका आहेत. लघवीच्या तक्रारीचा फिजिओथेरपीशी संबंध काय, ही पहिली. इतकं राबूनही स्नायू कमजोर कसा राहिला, ही दुसरी. दुसरी जास्त मोलाची आहे, म्हणून पहिली आधी उरकून घेऊ.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय या झोळीच्या आधारानं राहतात. लघवीची, बाळंतपणाची आणि शौचाची अशा तिन्ही वाटा हिच्यातूनच खाली उतरतात. डॉक्टर हिला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. आपण झोळीच म्हणू. हे स्नायू दंडाच्या स्नायूंसारखेच आपल्या इच्छेनं आवळता आणि सोडता येतात. स्नायूंना काम शिकवणं हाच फिजिओथेरपीचा गाभा आहे. शेक आणि मशीन हा तिचा लहानसा भाग, पण नेमका तोच आपल्या नजरेत भरतो.

आता दुसरी शंका. खोकला आला की पोटात एकदम दाब वाढतो आणि तो मूत्राशयावर येतो. झोळी धडधाकट असेल तर त्याच क्षणी ती आपसूक आवळते, लघवीची नळी मिटते आणि थेंबही निसटत नाही. बाळंतपणात मात्र बाळाचं डोकं बाहेर येताना हे स्नायू कमालीचे ताणले जातात. काही तंतू दुखावतात, त्यांच्याकडे जाणाऱ्या नसांवरही ताण येतो. पुढं पाळी जायच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं आणि तिथलं अस्तर पातळ होतं. तुमच्याकडे ही दोन्ही कारणं एकावर एक आली असावीत.

मग शेतातल्या कष्टांचं काय? हंडा उचलताना, सोयाबीनचा भारा किंवा कापसाचं गाठोडं डोक्यावर घेताना आपण श्वास रोखतो आणि जोर लावतो. तो सगळा जोर पोटातून खाली झोळीवर पडतो. हात, मांड्या, कंबर आकसून काम करतात, म्हणून त्या बळकट होतात. झोळीच्या वाट्याला नुसतं ओझं येतं. घरातली कापडी झोळी रोज जड धान्यानं भरली तर ती मजबूत होते का? ती सैलच पडते. स्नायूला बळ येतं ते आवळण्या-सोडण्यानं. तुमच्या सगळ्या दिवसात तेवढं एक काम कुठंच येत नाही, आणि डॉक्टर बाईंनी नेमकं तेच लिहून दिलं आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या व्यायामांवर लेख लिहिला. म्हणून आजही ओपीडीत ‘केगेल करा’ असं सांगतात. अडचण अशी की हा स्नायू डोळ्यांना दिसत नाही. नुसतं ऐकून करायला गेलेल्या कितीतरी जणी पोट किंवा मांड्या आवळतात, काही तर उलट खाली जोर देतात. त्यासाठीच फिजिओथेरपिस्ट लागते.

तिथं काय होतं, ते सांगतो, म्हणजे धास्ती राहणार नाही. आधी बरेच प्रश्न विचारतात : पाणी किती पिता, लघवी कधी निसटते, शौचाला जोर लावावा लागतो का. मग गुडघे दुमडून पाठीवर झोपवतात आणि वारा अडवतो तसं मागचा भाग आत-वर ओढायला सांगतात. तुमची संमती असेल तर हातमोजा घातलेल्या एका बोटानं आतून स्नायूची पकड पाहतात आणि शून्य ते पाच असे गुण देतात. आतून तपासणी नको असेल तर तसं स्पष्ट सांगा; बाहेरूनही बरंच कळतं. बाई फिजिओथेरपिस्टच हवी असं म्हणायचाही तुम्हाला हक्क आहे.

पकड जमली की साधारण अशी सुरुवात होते : श्वास चालू ठेवून चार-पाच सेकंद आवळायचं, तितकाच वेळ पूर्ण सोडायचं, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोडणं हे आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. किमान तीन महिने नेटानं करावं लागतं, कारण स्नायू तेवढा वेळ घेतोच. एक युक्ती मात्र पहिल्याच आठवड्यापासून वापरता येते. खोकला येतोय असं वाटलं किंवा हंड्याला हात घातला की आधी झोळी आवळायची, मग खोकायचं किंवा उचलायचं. उचलताना श्वास रोखायचा नाही, सोडत सोडत उचलायचं.

काही समजुतींची गाठ सोडवायला हवी. लघवी मध्येच अडवून धरणं हा व्यायाम नव्हे. स्नायू कोणता हे ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी चालेल, रोज केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. दुसरं, हे व्यायाम प्रत्येकीसाठी नाहीत. काही जणींची झोळी सैल नसून सतत आखडलेली असते. संबंधाच्या वेळी किंवा बसताना दुखतं, लघवी अडखळत होते. अशा बाईनं आणखी आवळलं तर दुखणं वाढतं. तिला आधी सैल सोडायला शिकवतात.

आणि पाणी. शेतात आडोसा नाही, कपडे ओले होतील, या भीतीनं वर्ध्याच्या मे महिन्यातही बाया दिवसभर दोन घोट पाण्यावर काढतात. त्यानं लघवी घट्ट होते, मूत्राशय चिडतं, जंतुसंसर्ग होतो आणि वारंवार जावंसं वाटतं. बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. मग कुंथावं लागतं आणि पुन्हा झोळीवरच जोर येतो.

‘पिशवी काढून टाकली की सुटका’ हा सल्ला शेजारणीकडून येतोच. खोकल्यावर लघवी निसटणं हे गर्भपिशवीचं दुखणं नाही, त्यामुळं पिशवी काढून ते जात नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. ते आठवून तरी या सल्ल्याला घाई करू नका. अंग बाहेर येत असेल, तर सुरुवातीच्या पायरीवर व्यायामानं त्रास कमी होऊ शकतो. पुढच्या पायरीवर आत बसवायची रिंग किंवा शस्त्रक्रिया लागते. ती पायरी कोणती, हे तपासणीवाचून कळत नाही. लघवीत रक्त, ताप, पाळी गेल्यावर रक्तस्राव किंवा लघवी अजिबात न होणं, यांपैकी काही असेल तर व्यायामाची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडे जा.

तुम्ही दोन वर्षं गप्प राहिलात याचं मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. विदर्भातल्या बायांनी अंगावर किती काढलं आहे, ते या दोन आकड्यांत दिसतं. आज तुमच्या जिल्ह्यात १९६९ साली सुरू झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगी (मेघे) इथं वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. बाळंतपण आणि स्त्रीरोगांशी निगडित उपचार हा फिजिओथेरपीच्या पदवी अभ्यासक्रमाचाच भाग असतो. खिडकीवर सगळं सांगत बसायची गरज नाही. डॉक्टर बाईंची चिठ्ठी दाखवा आणि ‘लघवीच्या तक्रारीसाठी फिजिओ’ एवढं म्हणा.

जाण्याआधी तीन दिवस एका वहीत लिहून ठेवा : किती वाजता पाणी किंवा चहा घेतला, किती वाजता लघवीला गेलात, कधी निसटली आणि तेव्हा काय करत होता. लिहायला वेळ नसेल तर लेकीला सांगा, ती लिहील. त्या निमित्तानं तिलाही हे कळेल.