आराइश : चुन्याच्या गिलाव्याचा हिशेब

सवाई जयसिंग दुसरे यांनी १७२७ मध्ये जयपूर वसविले. या शहरातील व शेजारच्या आमेरमधील जुन्या वास्तूंच्या अनेक भिंती हाताला संगमरवरासारख्या गार व गुळगुळीत लागतात. प्रत्यक्षात तो चुन्याचा गिलावा असतो. त्याला ‘आराइश’ म्हणतात.

चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून कळी मिळते अवघी ५६ किलो. ती पाण्यात सोडताच पाणी खदखदू लागते. कळी पाण्यात टाकावी, कळीवर पाणी ओतू नये. उसळलेला थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. पाण्याखाली मुरता मुरता चुना लोण्यासारखा मऊ होतो. आराइशच्या वरच्या थरांसाठी कारागीर तो महिनोन् महिने मुरवितात. त्यात दही व गूळही घालतात.

साहजिकच अंदाज फार आधी बांधावा लागतो. सिमेंटचे पोते कमी पडले तर दुकानातून आणता येते. मुरलेला चुना असा आयत्या वेळी मिळत नाही.

समजा, ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी एक कोठीची खोली आहे. तिच्या चारही भिंतींचे क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर. २ चौरस मीटरचे एकुलते एक दार वजा केले की ४० उरतात. पायाचा गिलावा १५ मिलिमीटर जाड धरल्यास ०.६ घनमीटर माल लागेल. जुनी दगडी भिंत क्वचितच सपाट असते, शिवाय थापीवरून थोडा माल सांडतोच. त्यासाठी पाचवा हिस्सा वाढवून ०.७२ घनमीटर, म्हणजे ७२० लिटर धरावा.

चुना १ भाग व वाळू ३ भाग हे प्रमाण घेतले, तर नवखा मनुष्य ७२० ला ४ ने भागतो आणि १८० लिटर चुना मुरत घालतो. येथेच काम अडते. वाळूच्या कणांमध्ये सुमारे एक-तृतीयांश पोकळी असते आणि चुना त्या पोकळीतच सामावतो. मिश्रणाचे आकारमान जवळजवळ वाळूइतकेच राहते. म्हणून वाळू ७२० लिटर आणि चुना २४० लिटर हवा. १५ लिटरच्या बादलीने मोजल्यास वाळूच्या ४८ आणि चुन्याच्या १६ बादल्या. भागाकार करणाऱ्याच्या चार बादल्या कमी पडल्या असत्या! वाळूचा काही भाग सुरखीने, म्हणजे विटांच्या भुकटीने, भरून काढला तर गिलावा लवकर घट्ट होतो.

वरच्या थरांत वाळूऐवजी संगमरवराची भुकटी येते. ती प्रत्येक थराला अधिक बारीक होत जाते. शेवटचा पातळ थर ओला असतानाच अकीकाच्या दगडाने घोटतात व त्यावर खोबरेल तेल चोळतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो, पण त्यासाठी ओलावा लागतो. जयपूरच्या कोरड्या उन्हात गिलावा एका दिवसात सुकला तर त्याला भेगा पडतात. म्हणून त्यावर ओली गोणपाटे टांगतात.

पाठगत प्रश्न
१. गिलावा १५ ऐवजी २० मिलिमीटर जाड केल्यास चुन्याच्या किती बादल्या लागतील?
२. चुना व वाळू यांच्या आकारमानांची बेरीज मिश्रणाएवढी का भरत नाही?