जहाजांचा गोंगाट आणि देवमासा

आमच्या कन्हानला नदीवर रेल्वेचा पूल आहे. त्यावरून मालगाडी धडधडत जाऊ लागली, की काठावर बोलणारी माणसे गप्प होतात, आवाज चढवतात किंवा जवळ सरकतात. गाडी गेली की बोलणे पुन्हा सुरू. पण गाड्यांची रांग संपलीच नाही तर? समुद्रातील देवमाशांची अवस्था काहीशी अशीच झाली आहे.

समुद्रात सुमारे २०० मीटर खोलीनंतर उजेड फारसा उरत नाही. म्हणून देवमाशाची सारी भिस्त कानांवर. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर असतो. शिवाय कमी कंपनसंख्येचा ध्वनी पाण्यात फारच थोडा शोषला जातो. निळ्या देवमाशाची हाक साधारण १० ते ४० हर्ट्झची असते. ती शेकडो किलोमीटर जाऊ शकते.

अडचण अशी, की मोठ्या जहाजांचा आवाजही मुख्यतः खालच्याच पट्टीतला असतो. जहाजाचा पंखा वेगाने फिरताना पात्यांजवळचा दाब इतका उतरतो, की तेथे पाण्याच्या वाफेचे बुडबुडे बनतात. दाब वाढताच ते कोसळतात आणि आवाज होतो.

आता थोडे गणित करू. शांत समुद्रात एक हाक १०० किलोमीटरपर्यंत ऐकू जाते असे माना. गोंगाट ६ डेसिबेलने वाढला, म्हणजे त्याची तीव्रता चौपट झाली. ध्वनी सर्व दिशांना सारखा पसरत असेल, तर त्याची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून ती हाक आता ५० किलोमीटरपर्यंतच ओळखू येईल. भोवतालचे क्षेत्र तर एक-चतुर्थांशच उरेल! जोडीदार शोधायचा कसा?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात जहाजांची ये-जा घटली आणि गोंगाट ६ डेसिबेलने उतरला. त्या काळात गोळा केलेल्या राइट देवमाशांच्या विष्ठेत ताण दर्शवणाऱ्या संप्रेरकांचे अंश कमी आढळले. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. जपानच्या ओगासावारा बेटांजवळ तर जहाज जवळून गेले, की कुबड्या देवमासे गाणे कमी करतात वा थांबवतात, असे दिसले आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०१५ साली सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ निळे देवमासे दिसले होते. अरबी समुद्रातील कुबड्या देवमासे इतरांसारखे ध्रुवाकडे न जाता वर्षभर याच समुद्रात राहतात; ओमानच्या किनाऱ्यावरील त्यांची संख्या शंभराहूनही कमी असल्याचा अंदाज आहे. मुंबई आणि न्हावा-शेवा या बंदरांकडे येणारी जहाजे याच समुद्रातून जातात.

उपाय आहेत. बहुतेक जहाजांचा वेग कमी केला, तर आवाजही उतरतो. पंख्याची रचना सुधारता येते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ साली याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. मात्र त्या ऐच्छिक आहेत. समुद्रात सांडलेले तेल वर्षानुवर्षे राहू शकते. आवाज मात्र जहाज थांबताच थांबतो.

करून पाहा : बादलीभर पाण्यात दोन चमचे एकमेकांवर आपटा आणि मित्राला बादलीच्या बाजूला कान टेकवून ऐकायला सांगा. मग कान दूर घेऊन ऐकायला सांगा. फरक का पडतो? तसेच २० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत व समुद्रात किती, तेही काढा.